झोपलेल्यांसाठी उष्टं पाणी

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही असशील असं धरून चालते. पार्सल पोचलं. शाल आईला आवडली. तसं ती म्हणाली नाही, पण घडी मोडली आहे.

आमच्या इमारतीतली लिफ्ट परवा पुन्हा दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत वरचे काका होते. सुटका झाल्यावर मला म्हणाले, "तुझा भाऊ जगाच्या लिफ्टा दुरुस्त करत हिंडतो, इथली कोण करणार?" मी म्हटलं, "पत्र लिहिते त्याला. माणसांसाठी येत नाही, लिफ्टसाठी येईल कदाचित." राग मानू नकोस. काका हसले, म्हणून तुलाही सांगितलं.

आईचे सांधे आणखी सुजले आहेत. मनगटं आणि बोटं. सकाळी तिला कपाचा कान धरता येत नाही, दोन्ही तळव्यांत कप धरून पिते. कप तोच, निळ्या काठाचा, तिचा वेगळा. गाऊनची बटणं लावायला तिला फार वेळ लागतो. मी लावते म्हटलं तर "तू हो बाजूला" म्हणते आणि दार लावून घेते. आतून तिचा सुस्कारा ऐकू येतो. मी बाहेर उभी. बाकी तिचं सगळं तुला माहीत आहे, वेगळा टॉवेल, खिडकीकडची खाट. तू तिला दारातली बाई म्हणायचास. या दिवसांत ते मला सारखं आठवतं.

आता माझ्या कामाचं. मी दिवसभर नक्की काय करते असं तू मागे विचारलं होतंस आणि मी "जंतू पाळते" एवढंच लिहिलं होतं. ते अर्धवट होतं. मी जंतू उपाशी ठेवते.

टीबीच्या जंतूचा एक गरीब चुलतभाऊ असतो, तो सहसा कुणाला काही करत नाही. त्याला बाटलीत ठेवायचं, खाणं तोडायचं, बूच घट्ट लावायचं म्हणजे आतली हवा संपत जाते. बरेचसे मरतात. काही मरत नाहीत. ते दुकान बंद करतात. वाढत नाहीत, दुभंगत नाहीत, हलत नाहीत. मग त्यांच्यावर औषधही चालत नाही, कारण बहुतेक औषधं चालू यंत्राच्या चाकात काठी घालतात. चाक फिरतच नसेल तर काठी घालणार कुठे? तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

गंमत पुढे आहे. अशा उपाशी जंतूंना ताजं, सकस खाणं वाढलं तरी ते उठत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतला चष्मेवाला मागच्या महिन्यात म्हणाला, "मेलेत हे. बाटल्या रिकाम्या करा, जागा अडते." आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "थांब जरा. तुला फार घाई." त्यांनी दुसरी एक बाटली घेतली, जिच्यात धडधाकट जंतू वाढून गेले होते. तिच्यातलं पाणी इतकं बारीक गाळलं की एकही जंतू उरला नाही. ते पाणी त्या मेलेल्यांना थोडंथोडं घातलं. दुसऱ्याचं वापरून झालेलं पाणी. आम्ही त्याला उष्टं म्हणतो. काही दिवसांनी बाटली गढूळ झाली. चष्मेवाला बाटली उजेडात धरून बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे मी यांना जिवंत पुरणार होतो."

त्या उष्ट्यात काय असतं हे पुरतं कुणाला ठाऊक नाही. जंतूची भिंत जराशी सैल करणारं काहीतरी असतं, इतकं कळलं आहे. मी सध्या त्याच्या मागे आहे. जेवताना डब्यातली भाजी कुठली होती ते आठवत नाही, अशी अवस्था.

आईच्या सांध्यांसाठी डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुचवलं आहे. त्याआधी रक्ताची तपासणी असते, ती केली. बाकी विशेष नाही.

एक विचारायचं होतं. तू लहान असताना तुला मोठा ताप आला होता, मी तेव्हा पाळण्यात होते. त्यातलं तुला काय आठवतं? सहज विचारते आहे.

तुझी
धाकटी

२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या मानाने लांबलचक. "ताप आठवतो. बाबा कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. आई दारात होती, माझ्याकडे पाठ करून. तू सहज काही विचारत नाहीस. काय झालंय?"

सांगते. जरा लांबून सांगते, ती माझी खोड तुला माहीत आहे.

आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्या जंतू गिळतात आणि त्याच्यावर आम्ल सोडतात. बाकीचे जंतू त्यात विरघळतात. टीबीचा जंतू मुकाट्याने गिळला जातो, पण आम्ल आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. ज्यानं गिळलं त्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. मग पहारेकरी हाका मारतो. दुसरे येतात, त्याच्याभोवती कडं करून बसतात, त्यांच्याभोवती आणखी. त्याची गाठ होते. आत हवा कमी, खाणं कमी. जंतू थोडी चरबी गाठीशी बांधतो आणि निजतो. त्याला मारता येत नाही, त्याला बाहेर पडता येत नाही. हे वर्षानुवर्षं चालतं. बहुतेक माणसांत मरेपर्यंत, आणि माणसाला पत्ता नसतो.

मला नवल वाटतं ते कड्याचं. ते एकदा बांधून मोकळं झालं असं नसतं. बसलेले पहारेकरी मरतात, त्यांच्या जागी नवे येऊन बसतात, आणि सगळ्यांना एक निरोप सारखा जात राहतो, की उठू नका.

आईचे सांधे सुजतात ते याच निरोपाने. तो नको तिथे जातो. इंजेक्शन तो निरोप बंद करतं. सूज उतरते, पण शरीरात कुठे कडं असेल तर तेही उठून जातं. म्हणून आधी रक्त तपासतात. त्या तपासणीत जंतू दिसत नाही. पहारेकऱ्यांना जंतूचा एक तुकडा दाखवतात आणि ते ओळखतात का, एवढं बघतात.

आईच्या पहारेकऱ्यांनी ओळखलं.

हे मी मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. लिहायला बसलेही होते, मधे चष्मेवाला आला. म्हणजे पत्रात आला.

घाबरू नकोस. आजारी नाही ती. झोपलेल्यांवरही हळूहळू चालणारी मोजकी औषधं असतात, त्यातल्या गोळ्या काही महिने घ्यायच्या, झोपलेल्यांना झोपेतच निकालात काढायचं, गोळ्या सुरू झाल्यावर थोड्या आठवड्यांनी इंजेक्शन. रोजचीच गोष्ट आहे आमच्याकडे. मी तिला खाटेच्या पायथ्याशी बसून समजावून सांगितलं, शब्द तोलून तोलून. मला वाटलं, काय झालं म्हणून विचारेल. ती म्हणाली, "अजून आहेत?"

दादा, आपल्याला एक मावशी होती.

आईची थोरली बहीण. टीबीने गेली, तेव्हा आई शाळेत होती. घरच्यांनी त्या मावशीचं ताट वेगळं केलं होतं, पेला वेगळा, पांघरूण वेगळं. वेगळं ताट बघितलं की ती जेवायची नाही. म्हणून घरची माणसं कामावर गेली की आई तिच्या ताटात जेवायची. तिच्या पेल्यातलं पाणी प्यायची. तिच्या पांघरुणात शिरून झोपायची. "तिला वाईट वाटू नये म्हणून," आई म्हणाली. मग जराशाने म्हणाली, "आणि तिला गोष्टी छान यायच्या."

मावशी गेल्यावर दवाखान्यातून एक सिस्टर आली. तिनं घरातल्या सगळ्यांच्या हाताला सुई टोचली. नंतर पुन्हा येऊन बघितलं, तर आईचा एकटीचा हात फुगलेला. सिस्टर प्रेमळ होती. गालाला हात लावून म्हणाली, "आत शिरलेत गं. पण झोपलेत. जागे करू नकोस म्हणजे झालं."

"जागे कशाने होतात ते विचारलंस का?" मी म्हटलं.

"घाबरले होते मी. मग माझं मीच ठरवलं."

काय ठरवलं ते ऐक. पळायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही. आपलं उष्टं कुणाला द्यायचं नाही. कुणाच्या तोंडावर श्वास सोडायचा नाही. आपल्याला पाजताना ती नाकातोंडाला फडकं बांधायची. वर्षभरात आपल्याला वरच्या दुधावर आणलं आणि बाबांच्या हातात दिलं.

मी म्हटलं, "आणि बाबा? त्यांच्या बाबतीत भीती नाही वाटली?"

"त्यांना लग्नाआधी सांगितलं होतं. म्हणाले, काही होत नाही. ते कुठले डॉक्टर! पण ते मोठे होते, त्यांचं त्यांनी ठरवलं. तुम्ही कुठे ठरवलं होतं?"

आता तुझा ताप. मी तिला तुझं वाक्य वाचून दाखवलं, दारात पाठ करून, ते. ती रागावली नाही. म्हणाली, "श्वास सोडायला वळायची. घेताना त्याच्याकडे तोंड असायचं. तो डोळे उघडायचा तेव्हा नेमकी मी वळलेली असायची, त्याला मी काय करू?"

मी ते ऐकलं आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन करून बघितलं. श्वास घेताना ओट्याकडे तोंड, सोडताना भिंतीकडे. थोड्याच वेळात गरगरायला लागलं. ती तापभर उभी होती.

आता जे टाळत आले ते. ती सिस्टर बोलली ते खरं होतं, पण अर्धं. झोपलेले जंतू एका माणसातून दुसऱ्यात जात नाहीत. श्वासातून नाही, थुंकीतून नाही. जागे झालेले आणि फुप्फुसात मोकळे सुटलेले जातात, हवेतून. आईचे कधीच सुटले नव्हते. आणि ताट-पेल्याने तर ते कुणालाच होत नाही. तिला झालं ते पांघरुणाखालच्या हवेतून, मावशीच्या गोष्टी ऐकताना. कप वेगळा ठेवून काही वाचलं नाही, एकत्र ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. मी माझंही रक्त तपासून घेतलं. माझे पहारेकरी ओळखत नाहीत. तुझेही ओळखणार नाहीत, निदान तिच्यामुळे तरी. हवं तर तपासून घे.

ती मूर्ख नाही. माझ्या बोलण्यातून तिनं काहीतरी वेचलं असणार. परवा बटणाशी झटत होती, या खेपेस दार लावायचं राहिलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग तुम्हाला जवळ घेतलं असतं तर चाललं असतं का गं?"

मी म्हटलं, "दूध उतू जातंय," आणि आत गेले. गॅसवर काही नव्हतं.

तेव्हापासून ती थांबली आहे. गोळ्यांचं पाकीट उशाशी तसंच आहे. "आधी मला सांग, मग घेते," म्हणते. गोळ्या नाहीत तर इंजेक्शन नाही, आणि हात रोज थोडे जास्त वळत चालले आहेत. नाही, चाललं नसतं, असं सांगितलं तर ती गोळ्या घेईल आणि मरेपर्यंत दार लावून बटणं लावेल. हो म्हटलं तर तिनं एवढी वर्षं जे केलं ते कशासाठी केलं, हे तिला त्या खाटेवर बसून एकटीला मोजावं लागेल.

हे उत्तर माझ्या एकटीचं नाही. मी धाकटी, मला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच असतात. तुला तसं वाटत नव्हतं, म्हणून तू गेलास. तूच सांग, काय सांगू? पत्रानेच कळव. फोनवर ती ऐकते.

तुझी
धाकटी

१८ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मी जिन्यातच फोडलं. "खोटं सांग. तिनं जन्मभर एकच काम केलं. ते फुकट गेलं असं तिला कोणी सांगायचं नाही. मी आजवर जे बोललो ते बोललो, पण हे नको." पुढे काहीतरी लिहून खोडलं आहेस. मी उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मला वाटलं होतं तू उलटं लिहिशील. तुझ्याबद्दलचे माझे अंदाज मी आता बंद करते.

तर तुझं ऐकायचं ठरवलं. रविवारी सकाळी चहा केला, तिच्यासमोर बसले आणि सुरू केलं. म्हटलं, हे बघ आई, तेव्हाच्या काळी तपासण्या आजच्यासारख्या नव्हत्या, कडं किती घट्ट आहे हे कुणाला सांगता आलं नसतं, कुपोषण असलं तर पहारेकरी दुबळे पडतात, शिवाय बाळंतपणात शरीराचा बंदोबस्त बदलतो, तेव्हा काळजी घेणं हेच एका अर्थाने...

"थांब," ती म्हणाली. "तू खोटं बोलायला लागलीस की शास्त्र सांगतेस. थेट बाबांवर गेलीस."

मी हातातला कप खाली ठेवला.

"चाललं असतं ना?"

"हो."

"दोघांनाही?"

"दोघांनाही."

ती हातांकडे बघत बसली. मला वाटलं रडेल, मी फडकं कुठे आहे ते बघून ठेवलं होतं. ती रडली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं, ते अर्ध्यात अडलं, मग पुन्हा ढकललं. ती ते सगळं ऐकत होती.

"अर्धंच बोलली बघ सिस्टर," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." मग म्हणाली, "हे खोटं तुझं नाही वाटत. तुला एवढं सुचत नाही. कुणाचं?"

मी तुझं नाव घेतलं. माफ कर, पण मला राहवलं नाही. तिला आधी कळलंच नाही. दोनदा सांगावं लागलं. "तो म्हणाला सांगू नकोस? मला वाईट वाटेल म्हणून?" मी मान हलवली. "वेडा आहे," ती म्हणाली. तू हे वाचत असताना मला तिचा तो आवाज पाठवता आला असता तर बरं झालं असतं. कसा होता ते लिहिता येत नाही.

मग तिनं विचारलं, आणि हे तुला सांगताना मला अजून नवल वाटतं, "पण मग त्यांना जाग येते तरी कशाने? तुला तरी माहीत आहे का?"

मी म्हटलं, "पुरतं कुणालाच माहीत नाही. मी तेच शोधते आहे." आणि तिला बाटल्यांचं सांगितलं. उपाशी ठेवलेले, मेले म्हणून टाकायला काढलेले, ताज्या खाण्याला न उठलेले. मोठ्या बाईंनी घातलेलं गाळलेलं पाणी. "उष्टं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "उष्टं." ती हसायला लागली. दादा, मोठ्यानं. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी. हसता हसता ठसका लागला, हात सवयीने तोंडावर गेला. तिनं तो हात काढून समोर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. ठसका तसाच लागू दिला.

"आणि मी तर ताईचं उष्टं खाऊन हे आत आणलं असं समजत होते."

"उष्ट्याने नाही आले ते. गोष्टींनी आले."

"मग असू देत," ती म्हणाली. जराशाने पाकिटाकडे हात केला. "आण ते. फार झाली झोप त्यांची."

गोळ्या सुरू होऊन आठवडा उलटला. त्यांनी लघवी केशरी होते, हे मी आधी सांगायला विसरले. ती बाथरूममधून ओरडली, "अगं, आतून रंगकाम काढलंय की काय?" वरच्या काकांना ऐकू गेलं असावं. त्यांनी जिन्यात मला विचारलं, घराला रंग देताय का?

आणखी एक. काल सकाळी ती गाऊन घालून बाहेरच आली, बटणं उघडी, आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी खालून लावत वर गेले. गळ्याजवळचं लावताना माझं कपाळ तिच्या हनुवटीशी आलं. तेव्हा कळलं, तिनं श्वास धरून ठेवला होता.

मी म्हटलं, "सोड."

तिला पटकन जमलं नाही. मग सोडला. त्याला चहाचा वास होता, आणि थोडा औषधाचा. मला आईच्या श्वासाचा वास माहीत नव्हता. तुलाही नसेल.

नंतर तिनं अर्धा चहा पिऊन निळ्या काठाचा कप दोन्ही तळव्यांनी माझ्याकडे सरकवला. "संपव," म्हणाली. गार झाला होता, साखर फार होती. संपवला.

तुला काय लिहू म्हणून विचारलं, तर बराच वेळ शालीच्या टोकाशी चाळा करत होती. मग म्हणाली, "त्याला लिही, झोपेत डावा हात गालाखाली घेतो, त्यानं मुंग्या येतात. लहानपणापासून सांगायचं होतं." मी म्हटलं, एवढंच? म्हणाली, "बाकीचं तो आल्यावर."

लिफ्ट बंदच आहे, जिन्याने यावं लागेल. ती दारात असेल. तोंड जिन्याकडे करून.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी
धाकटी